नवख्या प्रशिक्षकाला नारळ द्यायचा की वेळ?

वाचकाचं पत्र

"आमचा फुटबॉल क्लब दुसऱ्या विभागात खेळतो. मी त्याच्या पाच जणांच्या व्यवस्थापन समितीत आहे. गेल्या वर्षी नवे मालक आले आणि दोन वर्षांत क्लब पहिल्या विभागात जाईल, असं त्यांनी पत्रकार परिषदेत जाहीर करून टाकलं. आधीच्या प्रशिक्षकांनी संघाला सहाव्या क्रमांकावर आणलं होतं, तरी त्यांचा करार वाढवला नाही. त्यांच्या जागी आमचा माजी कर्णधार आणला. वय ३६. अनुभव म्हणजे दोन हंगाम सतरा वर्षांखालच्या मुलांचा संघ. त्याच्या नावाचा आग्रह मीच धरला होता. आजवर १२ सामने झाले : दोन विजय, तीन बरोबरी, सात पराभव. २० संघांत आम्ही अठरावे आहोत. सातपैकी पाच पराभवांत शेवटच्या वीस मिनिटांत गोल खाल्ले. दोन ज्येष्ठ खेळाडू आता परस्पर मालकांशी बोलतात. समितीत एक जण म्हणतो, 'फर्ग्युसनलाही वेळ दिला होता.' दुसरा म्हणतो, 'आजच काढा.' प्रशिक्षक आणि मी एकाच संघात खेळलो आहोत, तो मला दादा म्हणतो. दोन आठवड्यांनी बैठक आहे. मी कुणाच्या बाजूने उभं राहू?"

उत्तर

नमस्कार.

या बैठकीत त्याला काढू नका. पण 'त्याला वेळ द्या' एवढंच म्हणून बैठकीतून उठूही नका. नुसता वेळ मिळाल्याने नवखा माणूस शिकत नाही. त्याच्या शेजारी कोण उभं आहे, त्याच्यावर काय काय लादलंय आणि त्याला स्वतःच्या चुका दिसतात का, यावर ते ठरतं. बारा सामन्यांत तुमच्या क्लबने यातलं काय तपासलं, ते तुमच्या पत्रात मला कुठे सापडलं नाही.

पत्र वाचताना बर्मिंगहॅम सिटी आठवत राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, सहाव्या क्रमांकावर होता. नवे अमेरिकी मालक नुकतेच आले होते. त्यांनी जॉन युस्टेस यांना काढलं आणि वेन रूनी यांना आणलं. रूनी खेळाडू म्हणून केवढे मोठे होते हे सांगायला नको. डर्बी काउंटी आणि अमेरिकेतला डी. सी. युनायटेड, असा प्रशिक्षकपदाचा थोडाफार अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. पंधरा सामने झाले, त्यातले दोन जिंकले, नऊ हरले, आणि २ जानेवारी २०२४ रोजी रूनींना जावं लागलं. संघ तोवर विसाव्या क्रमांकावर आला होता. मे महिन्यात क्लब तिसऱ्या विभागात घसरला.

गोष्ट एवढीच असती तर नवख्या हातात संघ देऊ नका, असं सांगून मी थांबले असते. पण त्याच मालकांनी त्या उन्हाळ्यात ख्रिस डेव्हिस यांना निवडलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची ती पहिलीच नोकरी. २०२४-२५ मध्ये त्याच क्लबने तिसरा विभाग १११ गुण मिळवून जिंकला. इंग्लिश लीगमध्ये एका हंगामात इतके गुण त्याआधी कुणीच मिळवले नव्हते.

मालक तेच होते, त्यांची घाईही तीच होती. मग बदललं काय? स्पर्धा एक पायरी खालची होती आणि तिथे बर्मिंगहॅमइतका पैसा दुसरं कुणी ओतत नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. पण डेव्हिस यांना अख्खा उन्हाळा मिळाला आणि संघ स्वतःच्या पद्धतीने बांधता आला. ब्रेंडन रॉजर्स यांच्याबरोबर सेल्टिक आणि लेस्टर सिटीत, नंतर टॉटनहॅममध्ये ते सहायक होते. रोजचा सराव कसा आखायचा, हरल्यानंतर सोमवारी खेळाडूंसमोर काय बोलायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. रूनींच्या हातात मात्र हंगामाच्या मध्यावर, दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीसाठी घडवलेला आणि बरा चाललेला संघ आला. वर खेळाची तऱ्हाच बदलून दाखवायची अपेक्षा.

आता तुमच्या कर्णधाराची नेमणूक या दोघांपैकी कुणाच्या जवळ जाते ते तुम्हीच बघा. सहावा क्रमांक आणणाऱ्या माणसाला तुम्ही निरोप दिला, दोन वर्षांत बढती मिळवू असं जाहीर केलं आणि ते पेलायला सतरा वर्षांखालच्या मुलांना शिकवणारा माणूस उभा केला. वर जाण्याची इच्छा धरण्यात काहीच गैर नाही. ती नसलेल्या क्लबमध्ये खेळाडू टिकत नाहीत, प्रेक्षकही. पण घोषणा एका उंचीची आणि नेमणूक दुसऱ्या उंचीची असेल, तर मधलं अंतर भरून काढायचं काम समितीचं असतं. ते बारा सामने झालेलं नाही. बैठकीत पहिल्यांदा हे बोललं गेलं पाहिजे, आणि ते तुम्हीच बोललं पाहिजे, कारण त्याच्या नावाचा आग्रह तुमचा होता.

फर्ग्युसनचा दाखला देणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना नम्रपणे सांगा, की तो इथे लागू होत नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिला करंडक, एफए कप, १९९० मध्ये मिळाला, हे खरं. मधल्या काळात संघ दोनदा अकरावा आणि एकदा तेरावा आला, हेही खरं. पण तिथे येण्याआधी ते बारा वर्षं प्रशिक्षक होते. १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या छोट्या क्लबपासून सुरुवात केली, मग सेंट मिरेन, मग अ‍ॅबरडीन. आणि अ‍ॅबरडीनला घेऊन १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून त्यांनी युरोपचा कप विनर्स कप जिंकला होता. युनायटेडने संयम दाखवला तो सिद्ध झालेल्या माणसाबाबत. पेप गार्डिओला बार्सिलोनाचे प्रशिक्षक म्हणून पहिला लीग सामना नुमान्सिया या छोट्या क्लबकडून हरले होते, हा दाखलाही कुणीतरी देईल. त्या संघात मेस्सी, शावी आणि इनिएस्ता होते, एवढं लक्षात ठेवा.

तुम्हाला उपयोगी पडेल ती आर्सेनलची गोष्ट. डिसेंबर २०१९ मध्ये मिकेल आर्तेता तिथे आले तेव्हा त्यांनी एकाही संघाचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलं नव्हतं. मँचेस्टर सिटीत गार्डिओलांचे सहायक, एवढीच ओळख. पहिल्या उन्हाळ्यात एफए कप जिंकला, पण लीगमध्ये संघ आठवा आला. पुढच्या हंगामात डिसेंबर उजाडला तरी पंधराव्या क्रमांकावर, आणि शेवटी पुन्हा आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये तर पहिले तिन्ही सामने हरले, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही आणि तळाला गेले. त्या आठवड्यात त्यांना काढलं असतं तर फारसं कुणी नवल केलं नसतं. त्या हंगामात संघ पाचवा आला आणि पुढचे तीन हंगाम ओळीने दुसरा.

लोक या गोष्टीतून संयम तेवढा उचलतात. क्लबने त्या काळात आणखी एक गोष्ट केली आणि मला ती जास्त मोलाची वाटते. शिस्तीचा प्रश्न आला तेव्हा क्लब प्रशिक्षकाच्या मागे उभा राहिला. मेसुत ओझिल जानेवारी २०२१ मध्ये बाहेर पडले. पिएर-एमरिक ओबामेयांग यांचं कर्णधारपद डिसेंबर २०२१ मध्ये काढून घेतलं आणि दोन महिन्यांत ते बार्सिलोनाला गेले. दोघंही क्लबमधल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी. यातला प्रत्येक निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद घालता येईल. पण ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला कळलं की शेवटचा शब्द कुणाचा.

तुमच्याकडे नेमकं उलट चाललंय. दोन ज्येष्ठ खेळाडू थेट मालकांशी बोलतात, हे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंय. माझ्या मते तुमच्या क्लबमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे, गुणतक्त्यापेक्षाही. आईने नाही म्हटलं की मूल आजोबांकडे जातं, आणि आजोबांनी एकदा हो म्हटलं की आईचा शब्द त्या घरात चालेनासा होतो. ते दोघं मालकांना काय सांगतात हे तुम्हाला माहीत नाही, पण बाकीच्या वीस-बावीस जणांना ते जातात एवढं नक्की माहीत आहे. सामन्याच्या पंच्याहत्तराव्या मिनिटाला प्रशिक्षक ओरडून 'मागे या' म्हणतो तेव्हा हा माणूस महिनाभर तरी टिकेल का, असा विचार ज्याच्या डोक्यात आहे तो खेळाडू जिवाच्या आकांताने मागे धावणार नाही. मालकांनी त्या दोघांना बोलावून, प्रशिक्षकाच्या समोर सांगायला हवं : खेळाविषयीची तक्रार याच्याकडे करा, माझ्याकडे नाही. मालक हे करायला तयार नसतील तर त्याला ठेवण्याला अर्थ नाही आणि नव्याला आणण्यालाही नाही. पुढचा माणूस कितीही अनुभवी असो, तो दरवाजा त्याच्यासाठीही उघडाच राहील.

'आजच काढा' म्हणणाऱ्यांचंही ऐका. त्यांच्या बाजूनेही भक्कम उदाहरण आहे. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांना काढलं. क्लबचा लाडका माणूस, प्रशिक्षक म्हणून अनुभव डर्बीतला एक हंगाम. पहिल्या वर्षी संघ चौथा आणला होता, पण दुसऱ्या वर्षी भरपूर खर्च करूनही नववा. थॉमस टुखेल आले आणि चार महिन्यांत त्याच खेळाडूंनी चॅम्पियन्स लीग जिंकली. काढणं तिथे बरोबर ठरलं, कारण खेळाडू उत्तम होते आणि मांडणी विस्कटली होती. टुखेल यांनी बचाव बसवला आणि बाकीचं जागेवर आलं. तुमचे खेळाडू खरोखर पहिल्या सहांत यावेत असे आहेत का? त्या सहाव्या क्रमांकाच्या संघातले किती जण आज क्लबमध्ये आहेत? गोल करणारा गेला का, मधल्या फळीतला महत्त्वाचा माणूस विकला का? याची उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

प्रशिक्षक बदलला की निकाल सुधारतात, हा अनुभव सगळ्यांनाच येतो. त्यामागे एक साधं कारण आहे. माणसाला काढतात ते संघ अगदी तळाला गेल्यावर, आणि तिथून बहुतेक संघ काही ना काही वर येतातच. १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगवरच्या एका अभ्यासात, प्रशिक्षक काढलेल्या संघांची तुलना तितक्याच वाईट स्थितीत असूनही प्रशिक्षक न काढलेल्या संघांशी केली होती. दोन्हीकडची सुधारणा जवळजवळ सारखीच निघाली. बदल कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. बदल केल्यावर जिंकलेले पहिले दोन सामने पुरावा म्हणून धरू नयेत, एवढाच अर्थ.

आता शेवटच्या वीस मिनिटांकडे येऊ. तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी माहिती ती आहे. जो संघ सत्तर मिनिटं तग धरतो आणि मग कोसळतो, त्याची तऱ्हा पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाणाऱ्या संघापेक्षा वेगळी असते. आठवडाभराची तयारी बहुधा बरी होत असावी. सामना चालू असताना घ्यायच्या निर्णयांत तो कमी पडतोय, आणि नवख्याची खरी परीक्षा तिथेच असते. मुलांच्या सामन्यात बदली खेळाडू उतरवताना सगळ्यांना खेळायला मिळावं हा विचार असतो. इथे साठाव्या मिनिटाला समोरच्या प्रशिक्षकाने दोन ताजे विंगर आणले की दहा मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. कोण थकलाय हे ओळखायचं, कार्ड मिळालेल्या बचावपटूला काढायचं की ठेवायचं हे ठरवायचं, आणि आघाडी टिकवताना संघ आपोआप स्वतःच्या गोलपुढे गोळा होतो तेव्हा त्याला दहा यार्ड पुढे ढकलायचं. हे पुस्तकातून येत नाही. कोचिंगचा परवाना असला तरी येत नाही. पण हे शिकता येतं, आणि शिकायला शेजारी बसलेला जाणता माणूस लागतो.

बैठकीआधी ते पाच पराभव त्याच्याबरोबर बसून पुन्हा पाहा. फक्त सत्तराव्या मिनिटापासून पुढचे. पाचही गोल वेगवेगळ्या कारणांनी झालेत का, की तीन कॉर्नरवर झालेत आणि तिन्ही वेळा मागच्या खांबापाशी कुणीच उभं नव्हतं? खेळाडू धावू शकत नव्हते, की कुठे धावायचं ते त्यांना कळत नव्हतं? पहिलं असेल तर तंदुरुस्ती आणि सरावाचा ताण बघायला हवा, दुसरं असेल तर शिकवणं. बारा सामन्यांत त्याने मांडणी किती वेळा बदलली तेही मोजा. घाबरलेला नवखा प्रशिक्षक दर पराभवानंतर नवी मांडणी आणतो, आणि खेळाडूंना एकही धड येत नाही. निकालांपेक्षा संधी पाहा : आपण गोलच्या जवळून किती फटके मारले, समोरच्यांना किती मारू दिले. दोन-एकने सात सामने हरणारा संघ आणि चार-शून्यने सात सामने हरणारा संघ गुणतक्त्यात शेजारी दिसतील, पण त्यांचा इलाज एक नाही.

सरावालाही जा, आठवड्याच्या मध्यावर, न कळवता. खेळाडू ऐकतात का ते पंधरा मिनिटांत कळतं. तो सराव थांबवून समजावतो तेव्हा किती जण त्याच्याकडे बघतात आणि किती जण बुटांच्या नाड्यांकडे?

बैठकीत मागायचं काय, तर अनुभवी सहायक. पन्नाशी-साठीचा, दुसऱ्या विभागात पाच-सहा हंगाम काढलेला, आणि स्वतःला ती खुर्ची नको असलेला. हे शेवटचं फार जपा. खुर्चीची वाट पाहणारा सहायक शेजारी बसवणं म्हणजे हळूहळू काढणंच. समितीने तीन नावं पुढे ठेवावीत आणि त्यातलं एक त्याने निवडावं. लादलेल्या माणसाचा सल्ला तो ऐकणार नाही. कॉर्नर आणि फ्री किकचं काम पूर्णपणे दुसऱ्या कुणाकडे द्या. खेळाडूंचे करार, एजंटांचे फोन, वार्ताहरांशी रोजचं बोलणं, यातलं जेवढं काढून घेता येईल तेवढं त्याच्या अंगावरून काढा.

मालकांनी जाहीरपणे सांगावं की यंदाचं लक्ष्य विभागात टिकून राहणं आहे. त्यांना हे जड जाईल, कारण दोन वर्षांची घोषणा त्यांची होती. पण अठराव्या क्रमांकावरचा संघ बढतीच्या ओझ्याखाली खेळतो तेव्हा बरोबरीसुद्धा पराभवासारखी वाटते, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत जिंकायला म्हणून सगळे पुढे धावतात. तुमच्या त्या पाच गोलांपैकी एखादा असाच झाला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सगळ्यात अवघड भाग तुमचा. तो तुम्हाला दादा म्हणतो. समितीला हे माहीत असेलच, तरी बैठकीच्या सुरुवातीला स्वतः सांगा आणि मग मत द्या. तटस्थ राहू नका. नेमणुकीच्या वेळी आवाज चढवून बोललेला माणूस आता गप्प बसला, तर त्याचा अर्थ सगळे एकच लावतील, आणि तोही. बैठकीआधी त्याला भेटा. समितीतली आतली चर्चा सांगायची नाही आणि धीरही द्यायचा नाही. विचारायचं एवढंच : "तुला काय जमत नाहीये?" आणि मग गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी. तो पंचांवर, दुखापतींवर, नशिबावर, त्या दोघा ज्येष्ठांवरच बोलत राहिला तर मला त्याची काळजी वाटेल. "आघाडी घेतल्यावर काय करायचं ते मला सुचत नाही, बदली खेळाडू उतरवायला मी उशीर करतो," असं काही तो म्हणाला, तर हा माणूस शिकणार आहे, आणि त्याच्यासाठी भांडायला तुमच्याकडे मैत्रीपेक्षा भक्कम कारण आहे.

मुदत ठरवा आणि ती त्याला सांगा. हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत, म्हणजे अजून सात-आठ सामने. त्या वेळी गुण मोजाच, ते टाळता येणार नाही. पण त्याबरोबर उशिरा खाल्लेले गोल कमी झाले का, मांडणी स्थिर झाली का, खेळाडू सरावात त्याच्याकडे बघतात का, हेही बघा. यातलं काहीच हललं नसेल तर तेव्हा तुम्हीच काढण्याचा प्रस्ताव मांडा आणि पुढच्या माणसाला उरलेला अर्धा हंगाम मिळेल अशा बेताने मांडा. शेवटचे आठ सामने उरल्यावर बदल करण्यात कुणाचंच भलं नाही. २००९ मध्ये न्यूकॅसलने अ‍ॅलन शिअरर यांना, त्यांच्याच लाडक्या माणसाला, पहिल्यांदाच प्रशिक्षक म्हणून उरलेल्या आठ सामन्यांसाठी आणलं. एक जिंकला, आणि क्लब खाली गेलाच.

काढायची वेळ आली तर त्याला ती बातमी फोनवर किंवा बाहेरून कळू देऊ नका. मालकांनी आणि तुम्ही समोर बसून सांगा, करारातले पैसे ठरल्याप्रमाणे आणि वेळेत द्या. पुन्हा मुलांच्या संघावर पाठवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी ठेवू नका. तो त्याला अपमान वाटेल, आणि कदाचित तेच काम त्याला महिन्याभराने हवं असेल. शाबी आलोन्सो यांचा रेआल सोसिएदादचा दुय्यम संघ २०२२ मध्ये खालच्या विभागात घसरला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेनने, स्वतः सतराव्या क्रमांकावर असताना, त्यांना बोलावलं आणि २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता तिथली अव्वल लीग, बुंडेसलिगा, जिंकली. तुमच्याकडून गेल्यावर त्याच्याविषयी दुसऱ्या एखाद्या क्लबने तुम्हाला विचारलं तर काय सांगायचं, तेही समितीने आधीच ठरवून ठेवावं : तो कुठे कमी पडला, आणि तुम्ही त्याला काय दिलं नव्हतं, हे दोन्ही.